सासूबाईंची टॅबवरची टेस्ट 'लाल' आली, आता पुढं काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): पुण्यात नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या एका सुनेचं पत्र आहे. सासूबाई ७० च्या, चौथी शिकलेल्या, सगळं आयुष्य कराडजवळच्या गावात शेतीत गेलं, सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे फ्लॅटमध्ये आल्या. मागच्या महिन्यात सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये ज्येष्ठांसाठी मोफत स्मरणशक्ती तपासणी होती, टॅबवर बोटाने घड्याळ काढायचं, पाच शब्द लक्षात ठेवायचे, एका चित्राबद्दल बोलायचं. सासूबाईंचा निकाल लाल आला. तिथंच एका नव्या टेस्टच्या संशोधनात नाव द्या म्हणून सांगितलं, दर तीन महिन्यांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि एकदा रक्त द्यायचं, आणि गडबडीत सुनेनेच फॉर्मवर सही करून टाकली. नवरा म्हणतो, आईला सगळ्या तिथी पाठ आहेत, तिला काय धाड भरलीये, तुलाच तिचा त्रास होतो. मेलबर्नची नणंद म्हणते, अल्झायमरची नवीन ब्लड टेस्ट आलीये ती लगेच करा. सासूबाई तेव्हापासून नीट बोलत नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मला येडी ठरवताय व्हय?" प्रश्न असा की संशोधनात पाठवू का, ब्लड टेस्ट करू का, की सगळंच सोडून देऊ?

ताई, आधी मलाच एक विचारायचंय. त्या दिवसाच्या आधी सासूबाईंनी टॅब कधी हातात धरला होता का? तुम्हीच लिहिलंय की त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्यातही हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच त्या वापरतात. मग आता क्लब हाऊस डोळ्यासमोर आणा, पन्नास माणसं, माईकवर कोणीतरी चहा तयार आहे म्हणून सांगतंय, समोर पंचविशीतली मुलगी "आजी, बोटाने घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं" म्हणतेय, आणि आजींचं बोट म्हणजे चाळीस वर्षं भांगलण केलेलं, कोरडं, काचेवर धड उमटतच नाही. पुसलं, परत काढलं, तेवढ्यात वेळ संपली. लाल.

म्हणून काळजीचं काही नाहीच असं मी म्हणत नाहीये हं, त्याच्याकडे येतेच. पण आधी त्या लाल रंगाचं बघू, कारण तुमच्या घरातलं सगळं रामायण त्याच्यावरून सुरू झालंय.

अशा टेस्टला स्क्रीनिंग म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत चाळण. सासूबाईंनाच विचारा, चाळणीत वर राहतं ते सगळे खडेच असतात का? नाही ना. वर राहिलेलं ताटात घेऊन उजेडात बसून निवडावं लागतं, तेव्हा कळतं खडा कुठला आणि जाड दाणा कुठला. ते निवडणं म्हणजे निदान, आणि ते डॉक्टरच्या खोलीत होतं, क्लब हाऊसमध्ये नाही. थोडा हिशोबच करून दाखवते. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत साधारण ७.४ टक्के जणांना डिमेन्शिया, म्हणजे विसरणं वाढत जाऊन रोजचे व्यवहारच जमेनासे होतात तो आजार, आहे असं २०२३ मध्ये आलेल्या लासी-डॅड या देशभरच्या अभ्यासात निघालं, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, आकडा लहान नाही. आता समजा एक टेस्ट आहे, चांगली आहे, आजार असला तरी आणि नसला तरी शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते. ती १००० ज्येष्ठांना दिली. आजार असलेले ७४, त्यातले ६७ सापडले, छानच. पण आजार नसलेले ९२६ आहेत, त्यातल्या दहा टक्क्यांना ती चुकून लाल दाखवणार, म्हणजे ९३ जण. एकूण लाल १६०, आणि त्यातले निम्म्याहून जास्त धडधाकट! आणि ही चांगल्या टेस्टची गोष्ट झाली, गोंगाटात घेतलेल्या टेस्टची नाही. अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स नावाच्या तज्ज्ञांच्या समितीनेसुद्धा २०२० मध्ये हेच सांगितलं की काहीच लक्षणं नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सरसकट अशी टेस्ट द्यावी की नाही हे ठरवण्याइतका पुरावा हातात नाही.

दुसरं म्हणजे टेस्ट कोणासाठी बनवली हे कोणी विचारतच नाही. जुनी आणि जगभर चालणारी एमएमएसई १९७५ ची, अमेरिकेतली, ३० मार्कांची, त्यात एक वाक्य लिहून दाखवायचं असतं आणि "नो इफ्स, अँड्स ऑर बट्स" असं म्हणून दाखवायचं असतं, आता याचं मराठी काय करणार, "जर नाही, आणि नाही, पण नाही"? मग २००५ मध्ये माँट्रियलची मोका आली, तीही ३० मार्कांची, तिच्यात बारा वर्षं किंवा त्याहून कमी शाळा झालेल्यांना एक मार्क जास्तीचा देतात. एक! म्हणजे चौथीवाल्याला आणि बारावीवाल्याला सारखाच. या अडचणी संशोधकांना माहीत नाहीत असं नाही. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेचं तोंड न पाहिलेल्या लोकांसाठी एमएमएसईवरून हिंदी टेस्ट तयार केली, एचएमएसई, ती आजही वापरतात. कमी शिकलेल्यांसाठी 'मोका बेसिक' वेगळी आहे. आयसीएमआरनेही, म्हणजे आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतीय भाषांसाठी टेस्टचा संच बनवला, सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम या पाच भाषांत. तेव्हा डॉक्टरकडे गेलात की बिनधास्त विचारा, "यांची चौथी झालीये, त्याप्रमाणे कुठली टेस्ट घेणार?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा तिथीचा मुद्दा. माझ्या आत्याला एका हॉस्पिटलात विचारलं, आज तारीख काय, ती म्हणाली वद्य अष्टमी. समोरच्याने शून्य लिहिला. आम्ही घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर अष्टमीच होती, आणि मग आम्ही सगळे त्या डॉक्टरला मनसोक्त हसलो, आत्या एकदम ठणठणीत आहे म्हणून मोकळे झालो. दीड वर्षाने तिला डिमेन्शियाच निघाला. तिथी तिला माझं नाव विसरल्यावरही येत होती. लहानपणापासून रोज घोकलेलं असतं ते फार उशिरा जातं, त्यामुळे तिथी येते, ओव्या येतात, पुरण बरोबर शिजतं, याने मिस्टरांनी निश्चिंत होऊ नये आणि टॅब लाल आला याने तुम्ही घाबरू नये, दोन्ही पुरावे सारखेच लंगडे आहेत.

मग बघायचं काय? बदल. पूर्वी येत होतं आणि आता येत नाही, असं काय काय आहे. तुमच्या पत्रात बरीच यादी आहे, रिमोट सापडत नाही, दूध दोनदा उतू गेलं, कामवाल्या मावशींना गावाकडच्या बाईच्या नावाने हाक मारतात, बी विंगऐवजी डी विंगच्या लिफ्टमध्ये शिरल्या. खरं सांगू, यातल्या कशानेही मी दचकले नाही. चार सारख्या बिल्डिंगा, सारख्या रंगाच्या, मीही मैत्रिणीकडे जाताना दरवेळी वॉचमनला विचारते. दचकले ते पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींनी. एक, सकाळची बीपीची गोळी त्यांनी दोनदा घेतली, एकदा नाही, महिन्याभरात तीन वेळा असं झालं. आणि दुसरं, पंधरा वर्षं गावातल्या बायकांच्या भिशीची वही त्या ठेवायच्या, पुण्यात आल्यावरही फोनवरून ठेवत होत्या, ती दिवाळीनंतर "कंटाळा आला" म्हणून त्यांच्या जाऊबाईंना देऊन टाकली. टॅबवर घड्याळ त्यांना कधीच काढता येत नव्हतं, वही मात्र पंधरा वर्षं येत होती. म्हणून डॉक्टरकडे जा असं मी सांगतेय, टेस्ट लाल आली म्हणून नाही.

आणि इथं तुम्ही स्वतःला फार कमी लेखताय ताई. घरातल्या माणसाने बघितलेला बदल ही सुद्धा एक टेस्ट आहे, नीट अभ्यास करून बनवलेली. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००५ मध्ये एडी-एट नावाची आठ प्रश्नांची यादी काढली, ती पेशंटला नाही, जवळच्या माणसाला विचारतात, गेल्या काही वर्षांत निर्णय घेण्यात फरक पडलाय का, आवडीच्या गोष्टींतला रस गेलाय का, तेच तेच विचारतात का, नवीन वस्तू वापरायला शिकणं जड जातंय का, महिना-वर्ष चुकतं का, पैशाचे व्यवहार जमत नाहीत का, ठरलेल्या वेळा विसरतात का, आणि रोजचंच विस्मरण होतंय का. दोन किंवा जास्त 'हो' आले तर तपासून घ्या असं सांगतात. तिथं मार्क शाळेचे नसतात, माणसाची तुलना त्याच्याशीच होते. पण सून म्हणून तुमची गोची मला कळते, तुम्ही 'हो' म्हणालात की ते गाऱ्हाणं ठरतं. म्हणून एक करा, हे आठ प्रश्न दोन कागदांवर लिहा, एक तुम्ही भरा, एक मिस्टरांना द्या, एकमेकांचं न बघता. नणंदेलाही व्हिडिओ कॉलवर विचारा, तिला कधीकधी जास्त कळतं, रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते सहा महिन्यांनी बघणाऱ्याला दिसतं. तिघांचे कागद शेजारी ठेवले की त्रास कोणाला कोणाचा होतो हा विषयच उरत नाही. आणि एक साधी वही करा, तारीख टाकून काय झालं ते दोन ओळीत, "दुपारी गोळी परत मागितली", एवढंच, मत नको. डॉक्टरला अशी तीन आठवड्यांची वही मिळाली तर तो तुम्हाला दुवा देईल.

डॉक्टर म्हणजे आधी तुमचे नेहमीचे फिजिशियन चालतील, मग गरजेप्रमाणे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचार तज्ज्ञ. बी-ट्वेल्व, थायरॉइड, सोडियम, शुगर या साध्या तपासण्या आधी होऊ द्या, यातलं काही बिघडलं असेल तरी माणूस असाच विसरतो आणि ते औषधाने सुधारू शकतं. घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, सर्दी-खाजेच्या नाहीतर झोपेच्या म्हणून दुकानातून आणलेल्यासुद्धा, त्यातल्या काही म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करतात. मधे कधी पडल्या होत्या का, डोक्याला लागलं होतं का तेही सांगा. आणि कान तपासा बाई! पाच शब्द ऐकूच आले नाहीत तर आठवणार कुठून. तसंही कान, डोळे, बीपी, एकटेपणा यांचा डिमेन्शियाशी संबंध आहेच, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणं मोजली ज्यांच्यावर काही करता येतं.

एक गोष्ट मात्र, सासूबाईंच्या मनाचं काय चाललंय ती, तुमच्या पत्रात कुठंच नाहीये आणि ते मला सारखं खटकतंय. सासरे गेले, महिन्या-दोन महिन्यात गाव सुटलं, शेजारपाजार सुटला, शेत सुटलं, सातव्या मजल्यावर दिवसभर एकट्या. "कंटाळा आला" हे वाक्य एखाद्या डॉक्टरने ऐकलं तर तो आधी उदासीचा विचार करेल. म्हातारपणातलं डिप्रेशन पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही, विसरण्यातून आणि गप्प बसण्यातून दिसतं, त्याला उपचार आहेत. उलट कधीकधी अशी उदासी ही डिमेन्शियाचीच सुरुवात असते, म्हणून घरी बसून ठरवायचं नाही. लगेच कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, दोन्ही फुकट आहेत.

आता नणंदबाईंची ब्लड टेस्ट. ती खरी आहे, व्हॉट्सअॅपवरची थाप नाही. अल्झायमर हे डिमेन्शियाचं सगळ्यात मोठं कारण, त्यात मेंदूत साठणाऱ्या प्रथिनांची खूण रक्तात शोधतात, त्यातली पी-टाऊ २१७ ही सगळ्यात गाजतेय, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशी पहिली रक्ततपासणी मंजूर केली. पण कोणासाठी? ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्या, तज्ज्ञाकडे तपासणी चालू असलेल्या माणसांसाठी, बाकीच्या तपासण्यांच्या जोडीला. लक्षणं नसलेल्या माणसांना चाळायला किंवा एकटीच्या भरवशावर निदान करायला नाही. किडनीचा त्रास असेल तरी आकडा वर जातो. आणि डिमेन्शियाची इतर कारणं आहेत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं मोठं कारण आहे, सासूबाईंना तर बीपी आहे, ते या टेस्टमध्ये दिसणार नाही. तेव्हा नणंदेला सांगा, डॉक्टर म्हणाले तर करू, तू पाठवलंस ते दाखवते त्यांना. तिचाही जीव लांब राहून तुटत असणार, तिला एक काम द्या, दर रविवारी गोळ्यांचा सात खणांचा डबा आईकडून व्हिडिओवर भरून घ्यायचा. गोळीचा प्रश्न तर आजपासून सुटेल.

राहिलं संशोधन. इथं माझं मन थोडं दोन्हीकडे जातं. आवाजावरून डिमेन्शिया ओळखायचं काम जगात बरंच चाललंय, माणूस बोलताना कुठं अडखळतो, नेमका शब्द न सापडून 'ते', 'हे' किती वापरतो, वाक्य किती तोकडं होतं, हे कॉम्प्युटर मोजतो. यासाठी बहुतेक ठिकाणी १९७२ चं बोस्टनचं एक चित्र दाखवतात, आई भांडी पुसतेय, सिंकमधून पाणी वाहतंय, मागे पोरगा स्टुलावर चढून फळीवरच्या बरणीतली बिस्किटं पळवतोय आणि स्टूल कलंडतंय. आता ज्या बाईने उभ्याने सिंकपाशी भांडी साठीनंतर घासली तिला यात गंमत ती काय दिसणार. तिच्यापुढं शिंकाळं, मडकं आणि एकमेकांच्या खांद्यावर चढलेली पोरं ठेवा, मग ऐका कशी बोलते ती! शिवाय आपण मराठी लोक धडधाकट असतानाही "अगं ते हे आण ना तिकडचं" असंच बोलतो, याचा हिशोब त्या मशीनला कोणीतरी शिकवायला लागेल की नाही? इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठ 'फास्टबॉल' म्हणून एक करून बघतंय, डोक्याला सेन्सर लावून तीन मिनिटं भरभर येणारी चित्रं नुसती बघायची, उत्तर काहीच द्यायचं नाही, ओळखीचं चित्र आलं की मेंदूच्या लहरींत कळतं. लिहिणं-वाचणं लागत नाही म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं, पण अजून तेही संशोधनच आहे.

आणि हे सगळं शिकवायचं तर सासूबाईंसारख्या बायका लागतात. या विषयात जगभर काम करणाऱ्या एका गटाचं नावच दहा-सहासष्ट आहे, म्हणजे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत आणि तिथं होणारं संशोधन १० टक्क्यांहून कमी. बेंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च म्हणूनच शहर सोडून कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांत वर्षानुवर्षं लोकांच्या मागे आहे. चौथीवाल्या बायका अभ्यासात आल्याच नाहीत तर पुढची टेस्टही त्यांना लालच दाखवणार. म्हणून मी सरळ नको म्हणत नाही. पण ते सासूबाईंनी स्वतः द्यायचंय, तुम्ही नाही. त्यातून सासूबाईंवर उपचार होणार नाहीयेत, कदाचित निकालही सांगणार नाहीत, ज्याचा फायदा होईल तो पुढच्या कोणाला तरी.

त्यामुळे ती सही. ताई, रागावू नका, पण ती तुम्ही करायला नको होती. आयसीएमआरचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत, संमती ज्याची त्याने द्यायची, त्याच्या भाषेत समजावून सांगितल्यावर, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर, आणि घरच्यांची सही माणूस स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हाच. मराठी वाचणाऱ्या, पंधरा वर्षं भिशी सांभाळलेल्या बाईसमोर सुनेची सही घेणाऱ्यांचीही तितकीच चूक आहे, किंबहुना जास्त. त्यांना फोन करून विचारा, अभ्यास कोण करतंय, एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात माणसांना नीट वागवलं जाईल ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का तिचं पत्र दाखवा, आवाजाचं रेकॉर्डिंग कुठं राहणार आणि किती वर्षं, रक्तात काही सापडलं तर कळवणार का, आणि मधेच सोडलं तर चालेल ना. शेवटच्याचं उत्तर 'हो'च असायला लागतं, कारण न देता. टाळाटाळ झाली, किंवा पुढच्या फोनवर "मेमरी पॅकेज" नाहीतर टॉनिक विकायला लागले, तर विषय तिथंच संपवा.

आणि आज रात्री सासूबाईंशी बोला. डोकं तपासायचंय असं नाही, पण बीपी दाखवायचाय अशी खोटी थापही नको, त्यांना कळतंच. आधी सॉरी म्हणा, "न विचारता सही केली, चुकलं माझं." मग विचारा, "गोळी दोनदा गेली तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं का?" आणि गप्प बसा, त्या बोलेपर्यंत. बऱ्याचदा माणसाला स्वतःला आधी कळलेलं असतं आणि ते एकट्याने लपवायची धडपड चालू असते, ती वही कदाचित त्यासाठीच देऊन टाकली असेल, चारचौघीत हिशोब चुकायच्या आत. डॉक्टरकडे शेजारी बसा पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊ नका, मिस्टरांनाही देऊ देऊ नका. जमलं तर एक वेळ जाऊबाईंना फोन करून विचारा, शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे बरोबर होते का. आणि फॉर्मची झेरॉक्स उद्याच मागून घ्या, ती त्यांच्यापुढं ठेवा, चष्मा द्या, वाचू देत, हो म्हणायचं की नाही ते त्या सांगतील.